गाऱ्हाण्याचा दात

देव, गाव आणि दात या तीन गोष्टी माणसाला जन्मासोबत मिळतात आणि मरेपर्यंत त्याची साथ सोडत नाहीत, असं धोंडू कोचरेकर गेली अकरा वर्षं दिंडोशीच्या वसाहतीत सांगत आले होते. यातलं गाव त्यांनी वीस वर्षांत चार वेळा पाहिलं होतं, त्यातही तीनदा जमिनीच्या भांडणासाठी. देवाशी बोलणं व्हायचं ते व्हिडिओ कॉलवर. आणि दात जन्मासोबत मिळत नाहीत, हे मांडीवर नात खेळवतानाही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

जानेवारीच्या सतरा तारखेला सकाळी, चहात बुडवलेली खारी चावताना, तिसऱ्या गोष्टीने साथ सोडायचा विचार बोलून दाखवला. वरच्या रांगेतला, अगदी पुढचा दात. तो महिनाभर कुरकुरत होताच; धोंडूंनी लवंग दाबून त्याचं तोंड बंद ठेवलं होतं. आता तो हलला. धोंडूंनी जिभेने चाचपून पाहिलं आणि पहिला विचार मनात आला तो दादू तावड्यांचा.

याला कारण होतं. वसाहतीतल्या कोकणी मंडळाची सत्यनारायणाची पूजा दर सव्वीस जानेवारीला असते. प्रजासत्ताकाचा आणि सत्यनारायणाचा संबंध काय, हे कोणी विचारत नाही, सुट्टी असते. पूजा आटोपली की एक जाणता माणूस नारळ ठेवून देवापुढे उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने मालवणीत गाऱ्हाणं घालतो. त्याच्या प्रत्येक वाक्यामागे मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. वर्षभर ज्याला घरात कोणी पाणीसुद्धा विचारत नाही, अशा माणसाला त्या दोन-तीन मिनिटांत तीनशे माणसं होकार देतात. हा मान दादू तावड्यांकडे एकोणीस वर्षं होता.

मग दादू मंडपाच्या पायरीवरून पडले आणि त्यांचे पुढचे दोन दात गेले. पुढच्याच सर्वसाधारण सभेत धोंडू उठले आणि जड आवाजात म्हणाले, की पुढचे दात नसलेल्याच्या तोंडचं गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, वाटेतच सांडतं. आमच्या गावात तशी रीतच आहे. अशी रीत धोंडूंच्या गावात नव्हती. तिथे गाऱ्हाणं घालणारा म्हातारा चौऱ्याऐंशी वर्षांचा होता आणि त्याच्या तोंडात एकच दात होता, तोही मागे. पण सभेतलं कोणी त्या गावाला गेलेलं नव्हतं, आणि रीत म्हटल्यावर पुरावा मागणं हे आपल्याकडे असंस्कृतपणाचं समजतात. ठराव मंजूर झाला. जागा रिकामी झाली. धोंडूंना पोस्टातल्या नोकरीमुळे पत्ता नीट वाचायची सवय असल्याने देवालाही नीट पोचवतील, असं कोणीतरी म्हणालं आणि त्यावर टाळ्या पडल्या.

दादू हार मानणारे नव्हते. ते सरकारी दंत महाविद्यालयात गेले. तिथे उरलेसुरले दात काढून आठ खेपांमध्ये त्यांना अख्खी कवळी करून मिळाली. ती एका विद्यार्थ्याने परीक्षेसाठी केली होती. विद्यार्थ्याला पहिला वर्ग मिळाला, दादूंना बत्तीशी. ती घालून ते सभेत हसत आले. त्यांचं हसू मावळायच्या आत धोंडूंनी ठरावात दुरुस्ती मांडली: दात स्वतःचे असावेत, हिरडीत उगवलेले. तेव्हापासून दादू दर वर्षी पूजेला पहिल्या रांगेत बसत आणि धोंडू लोकांकडे वळले की त्यांच्या तोंडाकडे बघत. गाऱ्हाणं ऐकत नसत. नुसते बघत.

आता सव्वीस तारखेला नऊ दिवस उरले होते, आणि दात हलत होता.

दोन वेळा धोंडू जेवणाच्या ताटावरून नुसती पेज पिऊन उठले, तेव्हा सुनेच्या, श्रुतिकाच्या, लक्षात आलं. तिने तिथल्या तिथे मोबाइलवर मालाडच्या एका दवाखान्याची वेळ घेतली. रत्नप्रभाबाई, म्हणजे धोंडूंच्या पत्नी, एवढंच म्हणाल्या, की पालिकेच्या रुग्णालयातही दाताचा विभाग आहे, गुरुवारी जाऊन दाखवावं. यावर धोंडू, त्यांचा मुलगा सर्वेश आणि श्रुतिका, ज्यांचं एरवी कशावरच एकमत होत नसे, तिघेही एकदम हसले. धोंडूंचं हसू दुखल्यामुळे लवकर संपलं.

दवाखाना मालाड पश्चिमेला, मोबाइलच्या दुकानाच्या वर होता. त्याच्या नावात दोन इंग्रजी शब्द होते आणि दोन्हींचा दाताशी काही संबंध नव्हता. आत कॉफीचं मशीन होतं. दात ठणकणाऱ्यांना गरम कॉफी पाजायची, ही कल्पना कोणाला तरी पगार घेऊन सुचली असणार. स्वागताला बसलेल्या दर्शना नावाच्या मुलीने एक अर्ज भरायला दिला. त्यात रक्तदाब आणि साखरेच्याही आधी विचारलं होतं, की तुम्हाला तुमचं हसू आवडतं का. धोंडूंना ते शेवटचं कधी पाहिलं हे आठवेना. त्यांनी पोस्टातल्या शिस्तीने लिहिलं: लागू नाही.

डॉक्टर अल्पेश वयाने सर्वेशपेक्षा लहान होते. भिंतीवर त्यांच्या इतक्या पदव्या लावल्या होत्या, की माणसाला एवढ्या पदव्या लागतील इतके दात तरी असतात का, असा प्रश्न पडावा. त्यांनी पेनासारखा एक कॅमेरा धोंडूंच्या तोंडात घातला आणि समोरच्या मोठ्या टीव्हीवर धोंडूंचा दात दिसू लागला. सहासष्ट वर्षांत धोंडू पहिल्यांदा टीव्हीवर आले ते असे. पिवळट, तडकलेलं, खालून काळं पडलेलं काहीतरी. गावच्या घराच्या जोत्यासारखं, ज्याच्यावर तिघा भावांची केस चालू होती. श्रुतिकाने मान फिरवली आणि फोन काढला.

डॉक्टरांनी सांगितलं, की मुळाशी पू झाला आहे आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजलं आहे. रूट कॅनॉल करून बघता येईल. किंवा दात काढायचा आणि हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात लावायचा. मधल्या काळात काढता-घालता येणारा खोटा दात देऊ. शिवाय आणखी सात दातांशीही "बोलायला" लागेल, आणि कुटुंबातल्या चौघांनी एकदम नाव नोंदवलं तर दात पांढरे करून देणं त्यातच.

धोंडूंनी विचारलं, "सव्वीस तारखेपर्यंत स्क्रू होईल?"

"कुठल्या महिन्याच्या, काका?"

"आणि रूट कॅनॉलने हाच दात राहील? माझा, स्वतःचा?"

"फिफ्टी-फिफ्टी," डॉक्टर म्हणाले. ते खरं बोलले, आणि त्या दवाखान्यात त्यांनी खरं बोललेलं ते एकच वाक्य धोंडूंना अजिबात पटलं नाही. एवढा कॅमेरा, एवढा टीव्ही, आणि शेवटी नाणेफेक. नाणेफेकच करायची तर ती जाणकाराकडून करून घ्यावी, असा विचार करून धोंडू उठले. घरी येऊन त्यांनी गावी चंदू गुरवाला फोन लावला.

गावच्या देवळात कौल लावायची पद्धत सगळ्या कोकणाला माहीत आहे. देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न घालतात. उजवीकडची पडली तर एक उत्तर, डावीकडची पडली तर दुसरं. मुलीचं स्थळ, विहिरीची जागा, भावावर दावा ठोकावा की नाही, हे सगळं असंच ठरतं आणि त्यामुळे वकिलांवर उगीच खापर फुटत नाही. पूर्वी त्यासाठी गावी जावं लागे. आता चंदू फोन समईला टेकवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, डोक्यावर टोपी घालून, धोंडू फोनसमोर हात जोडून बसले. चंदूने पलीकडून विचारून घेतलं, की नेमकं काय विचारायचं. धोंडूंनी सांगितलं: दात काढायचा तर उजवी, ठेवायचा तर डावी. चंदूने आजवर देवाला म्हशीपासून आमदारकीपर्यंत सगळं विचारलं होतं. दाताची ही पहिलीच वेळ होती. पण त्याने चेहऱ्यावर तसं दिसू दिलं नाही. पाच मिनिटांत पाकळी पडली.

"उजवो दिल्यान, धोंडूदा. काढून टाक."

धोंडूंनी फोन डोळ्यांजवळ नेला. "माका तर डावीकडची पडलेली दिसता."

"तुझी डावी ती देवाची उजवी. समोरासमोर उभ्या रवलेल्याचा असाच असता."

हे धोंडूंना लहानपणापासून माहीत होतं. देवाची उजवी ती उजवी, यावरून त्यांनी एका भावाला कौलातच हरवलं होतं. त्यांनी घसा खाकरला.

"दात कोणाचो?"

"तुझो."

"मग उजवी-डावी माझीच धरूक व्हयी. देवाचो दात थोडोच काढूचो हा?"

पलीकडे चंदूने समईची वात सारखी केली. मग चंदू म्हणाला, की या देवासमोर आजवर पुष्कळ वकील येऊन गेले, पण ते फी घेऊन बोलायचे. आणि त्याने फोन ठेवला. ठाण्याची एक पार्टी फ्लॅटच्या बुकिंगसाठी कौलाला थांबली होती. धोंडूंनी घरात जाहीर केलं, की देवाने दात ठेवायला सांगितलं आहे. रत्नप्रभाबाई पाठीमागेच भाजी निवडत बसल्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी गवारीची शीर ओढून काढली.

वीस तारखेला रूट कॅनॉलची पहिली बैठक झाली. डॉक्टर अल्पेशनी दाताला भोक पाडलं, आत बारीक सुया फिरवल्या, औषध भरलं आणि वर तात्पुरतं सिमेंट लावलं. पुढची बैठक एकोणतीसला. धोंडूंनी विचारलं, तोपर्यंत टिकेल ना? डॉक्टर म्हणाले, "पॉझिटिव्ह राहा, काका." धोंडू चार दिवस पॉझिटिव्ह राहिले. आरशासमोर उभं राहून त्यांनी गाऱ्हाण्याचा सरावही केला, अर्थात दात न हलवता, म्हणजे ओठ न हलवता, म्हणजे मनातल्या मनात.

पंचवीस तारखेला सकाळी त्यांचा वरचा ओठ नाकाला जाऊन भिडला होता. दवाखान्याला फोन लावला तर आधी सतार वाजली, मग एका बाईने इंग्रजीत त्यांच्या हास्याबद्दल आभार मानले, मग दर्शना आली आणि म्हणाली, की शुक्रवारच्या सुट्टीला जोडून सर लोणावळ्याला गेलेत, सोमवारी भेटतील. इमर्जन्सी असेल तर अॅपवर 'इमर्जन्सी' हे बटण आहे. श्रुतिकाने ते दाबलं. त्यातून एक प्रश्न आला: तुम्हाला तुमचं हसू आवडतं का?

रत्नप्रभाबाईंनी पिशवी उचलली आणि चपला घातल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "आज गुरुवार असा."

पालिकेच्या रुग्णालयात केसपेपर चार नंबरच्या खिडकीवर मिळत होता, त्यावर शिक्का दोन नंबरच्या खिडकीवर बसत होता, आणि दोन नंबरची खिडकी पाच नंबरच्या मागे होती. असं का, हे धोंडूंना पोस्टाच्या अनुभवावरून लगेच समजलं. समजलं नसतं ते खिडक्या ओळीने असत्या तर. लिफ्ट फक्त आडव्या रुग्णांसाठी होती. तिसऱ्या मजल्यावर बाकावर तीसेक माणसं गालावर हात ठेवून अशी बसली होती, जणू सगळ्यांची एकाच वेळी फसवणूक झाली आहे. भिंतीवरच्या कागदावर लिहिलं होतं, की एक्स-रे मशीन दुरुस्त होत आहे. कागद जुना होऊन पिवळा पडला होता. त्या भिंतीवर तेवढंच जुनं दिसत होतं, कारण बाकीची भिंत नुकतीच रंगवली होती, कागदाच्या चारही बाजूंनी.

धोंडू हे सगळं तुच्छतेने बघत होते. त्यामुळे एक गोष्ट त्यांच्या जरा उशिरा लक्षात आली. रत्नप्रभाबाई कुठेही विचारत नव्हत्या. कुठली खिडकी, कुठला जिना, कुठल्या बाकावर पंखा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. शिपाईण त्यांच्याशी हसली. आणि आत गेल्यावर डॉक्टर रोशनी, ज्या सकाळपासून उभ्याच असाव्यात, त्या रत्नप्रभाबाईंना बघून म्हणाल्या, "काय मावशी, पाचवा आला का?"

"न्हय गो. आज ह्यांचो."

धोंडूंनी आधी बायकोकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे. तोंड उघडून विचारावं तर डॉक्टरांनी त्याच तोंडात आरसा घातला. रूट कॅनॉल पूर्ण करून मिळेल का, हे त्यांनी हातवारे करून विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, की करतो आम्ही, एप्रिलचा नंबर आहे. पण आजोबा, हा दात एप्रिलची वाट बघणार नाही, तुम्हीही बघू नका. रक्तदाब पाहिला, साखर विचारली, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का ते दोनदा विचारलं, इंजेक्शन दिलं. ज्या दातासाठी सर्वसाधारण सभेचे दोन ठराव, एक कॅमेरा, एक टीव्ही आणि एक ग्रामदैवत खर्ची पडलं होतं, तो चार मिनिटांत स्टीलच्या ट्रेमध्ये पडला. टिक असा आवाज झाला. डॉक्टरांनी कापूस दाबला, गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर बाकावर धोंडूंनी कापूस चावत बायकोसमोर चार बोटं धरली.

"व्हय, चार," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "सहा वर्षांत. सगळ्या दाढा."

धोंडूंनी भुवया उंचावल्या. कधी, असा त्याचा अर्थ होता.

"भाजीक जाऊन उशीर व्हायचो ना, तेव्हा."

धोंडूंना ते दिवस आठवले. भाजी शिळी आणली म्हणून ते त्या दिवशी ओरडायचे, आणि रत्नप्रभाबाई उलटून एक शब्द बोलायच्या नाहीत. बायको वयानुसार सुधारत चालली, असं त्यांनी मंडळात दोघा-तिघांना सांगितलंही होतं. तिच्या गालात तेव्हा कापूस असायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पूजेला गेले ते तोंडावर रुमाल धरून. ओठ अजून उतरला नव्हता. मंडळाचा सेक्रेटरी प्रज्योत दारातच भेटला. त्याने रुमालाकडे पाहिलं, ओठाकडे पाहिलं, आणि काही न विचारता ठरावाची वही मागवली. नियमानुसार पुढचे दात स्वतःचे हवेत, असं तो म्हणाला. मग असे दात असलेल्यांनी हात वर करावेत. वीस-पंचवीस हात वर झाले. सगळे पोरगेलेसे. त्यांच्यातल्या मालवणी येणाऱ्यांनी हात वर ठेवावेत म्हटल्यावर एकही हात राहिला नाही. प्रज्योतने नियमाला यंदापुरती स्थगिती दिली आणि नारळ दादूंच्या हातात ठेवला.

दादूंनी धोंडूंकडे पाहिलं. टोमणा मारतील असं सगळ्यांना वाटलं. अकरा वर्षांचा साठा होता. पण ते नुसते म्हणाले, "सांभाळून रे धोंडू. थंड खा दोन दिवस," आणि हे जास्त लागलं.

मग धोंडू अकरा वर्षांत पहिल्यांदा लोकांमध्ये, मागे उभे राहिले. आता दादूंची कवळी सुटेल, शब्द घरंगळतील, आणि मंडळींना त्यांची आठवण येईल, एवढीच आशा उरली होती. त्यांनी कान टवकारले.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आज ह्या तुझ्या लेकरांनी जी काय मोडकीतोडकी सेवा केलेली असा, ती गोड मानून घे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"ह्या बिल्डिंगींचो रिडेव्हलपमेंटचो घोडो जो अडलेलो असा, तेका पुढे हाक म्हाराजा..."

इथे होकार इतका मोठा आला, की पलीकडच्या इमारतीतलं कुत्रं भुंकलं. एकही शब्द सुटला नाही. एकही सांडला नाही. दादू पाठमोरे, हात जोडून, मान थोडी खाली घालून घडाघडा बोलत होते. धोंडूंना काही समजेना. तेवढ्यात शेजारी उभ्या रत्नप्रभाबाईंनी कोपराने ढोसलं आणि हनुवटीने पुढे दाखवलं. दादूंच्या सदऱ्याचा बाजूचा खिसा फुगलेला होता. त्यातून काहीतरी गुलाबी डोकावत होतं, आणि त्या गुलाबीला एक शुभ्र, एकसारखी ओळ होती.

"मोठ्यान बोलताना कवळी सुटता," रत्नप्रभाबाई हळूच म्हणाल्या. "म्हणून काढून ठेवतत. तेंच्या बायकोनच माका सांगितल्यान."

दादूंच्या तोंडात त्या क्षणी एकही दात नव्हता. तीनशे माणसं त्यांना होकार देत होती. धोंडूंनी हरकत घ्यायला रुमाल खाली केला, पण हरकत घ्यायची तर तोंड उघडावं लागणार होतं, आणि समोरच प्रज्योतची आई उभी होती, जिने पाहिलं ते अख्ख्या वसाहतीने पाहिलं. त्यांनी रुमाल परत वर नेला. शेवटच्या वाक्याला त्यांनीही हळूच 'व्हय म्हाराजा' म्हटलं. त्यासाठी दात लागला नाही.

गाऱ्हाणं संपलं. दादूंनी वाकून नमस्कार करता करता खिशातली बत्तीशी तोंडात टाकली आणि मग लोकांकडे वळून हसले.

गाऱ्हाणं घालणारा देवाकडे तोंड करून उभा असतो. मागच्यांना त्याची पाठ दिसते.